रेडिओ केंद्राचं जाहिरात शेड्युलिंग नव्या सॉफ्टवेअरवर नेताना : इंदूरच्या नव्या ट्रॅफिकवाल्यांसाठी

इंदूरच्या एखाद्या एफएम केंद्रात तुम्ही जाहिरातींच्या शेड्युलिंगला, म्हणजे ट्रॅफिक विभागात, नुकतेच लागला आहात, आणि 'पुढच्या तिमाहीत नवीन सॉफ्टवेअर येतंय, त्याचं सगळं तुम्ही बघा' असं तुम्हाला सांगण्यात आलंय. बहुतेक ठिकाणी हे काम नव्या माणसाच्याच गळ्यात पडतं, कारण जुन्यांना रोजच्या लॉगमधून (कोणती जाहिरात कधी वाजणार त्या यादीतून) डोकं वर काढायला वेळ नसतो. काम किचकट आहे, पण क्रमाने केलं तर हवेवर कुणाला कळतसुद्धा नाही की मागे काही बदललं. क्रम चुकला तर मात्र पहिल्याच महिन्याच्या बिलात ते बाहेर येतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण सांभाळतो तो स्पॉटचा, म्हणजे एकेका जाहिरातीचा, माग. क्लायंटने आरओ (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरातीची लेखी मागणी) दिला, स्पॉट बुक झाला, लॉगमध्ये लागला, प्लेआउटवर वाजला, वाजल्याची नोंद परत आली, तिची बुकिंगशी जुळणी झाली, ब्रॉडकास्ट सर्टिफिकेट निघालं आणि बिल गेलं. हा माग सॉफ्टवेअर बदलण्याच्या दिवशी कुठेही तुटता कामा नये. स्क्रीन किती सुंदर आहे, रिपोर्ट किती रंगीत निघतात, हे सगळं नंतर.

नेमकं काय बदलतंय?

नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. केंद्रात साधारण तीन वेगळी सॉफ्टवेअर असतात. कोणतं गाणं कधी वाजणार हे ठरवणारं म्युझिक शेड्युलिंग, उदाहरणार्थ आरसीएसचं जीसिलेक्टर. जाहिराती लावणारं आणि बिलिंग करणारं ट्रॅफिक सॉफ्टवेअर, जसं वाइडऑर्बिट, मार्केट्रॉन किंवा आरसीएसचंच ॲक्विरा. आणि स्टुडिओत प्रत्यक्ष आवाज वाजवणारं प्लेआउट, जसं झेटा. गाण्यांचा लॉग आणि जाहिरातींचा लॉग प्लेआउटमध्ये येऊन एकत्र होतात. तुमच्याकडे मधलं बदलतंय, पण त्याचे सांधे दोन्ही बाजूंना आहेत, आणि तिसरा सांधा अकाउंट्समध्ये आहे. म्हणून पहिल्या बैठकीला म्युझिक मॅनेजर, स्टुडिओ इंजिनियर आणि अकाउंट्सचा माणूस हे तिघे हवेतच. सेल्सला नंतर बोलवा, पण बोलवा.

तारीख ठरवणं

बदलाचा दिवस महिन्याची १ तारीखच ठेवा. बिलिंग महिन्याचं असतं. मधल्या तारखेला बदललंत तर एकाच महिन्याचं बिल दोन सॉफ्टवेअरमधून काढायची पाळी येते. शक्यतो ती १ तारीख मंगळवार किंवा बुधवारी येते का बघा. शनिवार-रविवार-सोमवारचे लॉग बऱ्याच केंद्रांत शुक्रवारी-शनिवारी एकदम करून ठेवतात, आणि नव्या सॉफ्टवेअरवर पहिल्याच फटक्यात तीन दिवसांचे लॉग करणं म्हणजे एक चूक तीनदा करणं.

महिना कोणता? इंदूरचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. मार्चमध्ये वर्षअखेर, त्याच सुमाराला होळीपासून रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीपर्यंतची धामधूम. मग अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई. एप्रिल ते जून भंवरकुआंच्या कोचिंगवाल्यांचा. गणपतीत आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या रात्री शहर जागं असतं आणि इन्व्हेंटरी, म्हणजे विकायची जाहिरातीची वेळ, भरलेली. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत तर विचारूच नका, त्यातही दिवाळीआधीच्या पुष्य नक्षत्राला सराफ्यातला प्रत्येक जण सकाळचाच टाइम बँड (स्पॉट वाजण्याचा ठरलेला वेळ) मागतो. उरतो आषाढ. लग्नसराई ओसरत आलेली, सण अजून लांब. म्हणून १ जुलै ही माझ्या मते सगळ्यात चांगली तारीख; तिमाहीही तिथूनच सुरू होते.

पितृपक्षाचा मोह काही जणांना होतो, कारण तेव्हा बाजार थंड असतो. तो टाळा. बदलानंतरचे दोन-तीन आठवडे काही ना काही निघतंच, आणि पितृपक्षात बदललंत तर ते नेमकं घटस्थापनेच्या आठवड्यात निघेल.

तारीख ठरली की तिथून मागे मोजा. डेटा साफ करायला महिनाभर, आरओ भरायला आणि दोन्ही सॉफ्टवेअर समांतर चालवायला निदान दोन आठवडे. म्हणजे मेच्या मध्याला काम सुरू झालेलं असलं पाहिजे.

क्लायंटची यादी आधी धुऊन घ्या

रेडिओ मिर्चीचं पहिलं केंद्र २००१ मध्ये इंदूरलाच सुरू झालं. म्हणजे इथले व्यापारी दोन दशकांहून जास्त काळ खासगी एफएमवर वेळ विकत घेतायत, आणि जुन्या केंद्रांच्या क्लायंट मास्टरमध्ये तेवढ्या वर्षांचा गाळ साठलेला असतो. एकाच सराफाचं नाव तीनदा असतं: एकदा 'ज्वेलर्स', एकदा 'ज्वेलर्स अँड सन्स', एकदा मालकाच्या मुलाच्या नावाने. पलासियाचं स्पेलिंग चार प्रकारचं. दुकान केव्हाच बंद झालेलं, पण नाव अजून यादीत.

ही यादी जशीच्या तशी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतू नका. विक्रेता कंपनी 'आम्ही सगळा डेटा आणून देतो' म्हणेल. तो आणू द्यायचा नाही. गेल्या दोन वर्षांत ज्यांचं एकही बिल नाही त्यांना मागेच ठेवा. उरलेल्यांची नावं जीएसटी क्रमांकावरून जुळवा, कारण नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. मध्य प्रदेशचा कोड २३, महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४. दोन नावांचा क्रमांक एकच निघाला तर तो एकच क्लायंट आहे, मग पाटी काहीही असो.

या पहिल्या दोन अंकांवर करही ठरतो. रेडिओच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी. इंदूरच्या क्लायंटचा क्रमांक २३ने सुरू होत असेल तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. मुंबईच्या एजन्सीचा २७ने सुरू होत असेल तर पूर्ण १८ टक्के आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी). इथे चूक झाली तर समोरच्याला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही आणि बिल परत येतं. तेव्हा क्लायंट आणि एजन्सी ही दोन वेगळी खाती ठेवा आणि बिल कुणाच्या नावाने निघणार हे प्रत्येक खात्यात स्पष्ट लिहा. इंदूरचं दुकान आणि मुंबईची एजन्सी अशी जोडी असते तिथे हे दोनदा तपासा.

प्रत्येक क्लायंटला एक वर्ग द्या: सराफ, साड्या, कोचिंग, बिल्डर, रुग्णालय, राजकीय, सरकारी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना सक्तीचा करून टाका. एका ब्रेकमध्ये दोन सराफ शेजारी येऊ नयेत हे सॉफ्टवेअर तेव्हाच पाहू शकतं, जेव्हा दोघे सराफ आहेत हे त्याला माहीत असतं. राजकीय वर्ग वेगळा ठेवण्याचं कारण आणखी मोठं आहे. निवडणुकीच्या काळात राजकीय जाहिरातीला प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र लागतं आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचार बंद असतो. प्रमाणपत्राच्या क्रमांकासाठी रकाना आणि प्रचार बंद होण्याच्या मिनिटाला स्पॉट अडवणारी कडी सॉफ्टवेअरमध्येच बसवून घ्या. आठवणीवर सोडू नका.

चालू आरओ हातानेच भरा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून इथे थोडं थांबूया.

३० जूनला काही आरओ अर्धे वाजलेले असतील. ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये कसे न्यायचे? सोपा वाटणारा रस्ता असा, की जुन्या बुकिंगमधले १ जुलैपासून पुढचे दिवस उचलायचे आणि तिकडे टाकायचे. यातच स्पॉट हरवतात.

समजा, राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानाने २० दिवसांचा आरओ दिला. रोज १० स्पॉट, प्रत्येकी २० सेकंद. म्हणजे २०० स्पॉट, ४,००० सेकंद एफसीटी (जाहिरातीची विकलेली वेळ). दर १० सेकंदांना १५० रुपये धरला तर एका स्पॉटचे ३०० आणि एकूण ६०,००० रुपये, वर जीएसटी. ३० जूनपर्यंत १२ दिवस झाले. लागायला हवे होते १२०, पण एका दिवशी वीज गेली आणि एकदा क्रिकेटमुळे ब्रेक कापला गेला, म्हणून वाजले ११७. जून महिन्याचं बिल ११७ स्पॉटांचं, ३५,१०० रुपये. आता पुढच्या ८ दिवसांचं कॅलेंडर उचललंत तर ८० स्पॉट जातील. द्यायचे मात्र ८३ आहेत. ते तीन मेक-गुड (हुकलेल्यांच्या बदल्यात द्यायचे स्पॉट) कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये राहत नाहीत. जुन्याच्या दृष्टीने आरओ बंद, नव्याच्या दृष्टीने ते कधी नव्हतेच.

तीन स्पॉट म्हणजे ९०० रुपये, असं कुणीतरी म्हणेल. पण त्या दुकानदाराने आगाऊ पैसे भरलेले असतात. काउंटरच्या मागे रेडिओ लावून तो आपली जाहिरात लागते का ते ऐकत असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या वहीत आपल्यापेक्षा चोख टिपण असतं. असे दहा-पंधरा दुकानदार एकाच आठवड्यात सेल्सच्या मुलाला फोन करायला लागले की केंद्राचा शब्द हलका होतो.

तर पद्धत अशी. प्रत्येक चालू आरओचा मूळ कागद काढा, व्हॉट्सॲपवर आलेला असेल तर त्याची छापील प्रत घ्या. त्यावर तीन आकडे लिहा: एकूण किती, ३० जूनअखेर खरोखर किती वाजले, बाकी किती. 'वाजले' हा आकडा बुकिंगमधून घेऊ नका, जुळणी झालेल्या लॉगमधून घ्या. पैशाचे स्पॉट आणि बोनस (फुकटचे) स्पॉट वेगळे मोजा, नाहीतर बोनस आधी संपतो आणि शेवटी क्लायंटला वाटतं आपल्याला फसवलं. मग फक्त बाकीचे स्पॉट नव्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन बुकिंग म्हणून हाताने भरा आणि शेऱ्यात जुना आरओ क्रमांक घाला. भरणारा एक, तपासणारा दुसरा. तपासणाऱ्याने स्क्रीनवरून कागद वाचायचा नाही; कागद हातात घेऊन स्क्रीन तपासायची.

आरजे मेन्शन (निवेदकाने बोलता बोलता घेतलेलं नाव), स्पॉन्सर टॅग (प्रायोजकाची ओळ) आणि दुकानासमोरचं थेट प्रक्षेपण यांचे वेगळे प्रकार नव्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच तयार करा. हे स्पॉटसारखे भरले तर ते एफसीटी खातात आणि त्यांचा दर चुकतो. सरकारी जाहिरातींचे आरओ, केंद्रीय संचार ब्यूरोचे असोत वा राज्याचे, वेळेच्या बाबतीत काटेकोर असतात. बिलासोबत सर्टिफिकेट लागतं आणि दिलेल्या टाइम बँडबाहेर वाजलेला स्पॉट मोजला जाईल अशी आशा ठेवू नका. ते सगळ्यात शेवटी, शांत डोक्याने भरा.

शेवटची तारीखही बघा. मराठी नाटकाच्या आयोजकाचा स्पॉट गुरुवार-शुक्रवारी लागतो, प्रयोग रविवारी होतो. सोमवारी सकाळी 'आज चुकवू नका' वाजलं तर ऐकणाऱ्यांत अर्धे तरी ते नाटक पाहून आलेले असतात. बुकिंगला शेवटची तारीख असतेच; ऑडिओ फाइललाही असते, आणि ती वेगळी भरावी लागते.

ब्रेक, क्लॉक आणि लॉगची फाइल

तासात ब्रेक कुठे आणि किती सेकंदांचे, हे म्युझिकच्या क्लॉकमध्येही (तासाच्या आराखड्यात) असतं आणि ट्रॅफिकच्या साच्यातही. दोन्हीकडे एकच हवं. ट्रॅफिकने ब्रेक ९:१२, ९:२७, ९:४२ असे धरले आणि क्लॉकमध्ये मधला ९:३० असेल, तर प्लेआउटला तो ब्रेक सापडतच नाही. म्युझिक मॅनेजरबरोबर बसून एकेक तास ताडून बघा. रविवारचे क्लॉक वेगळे असतात, ते हमखास राहतात.

आता फाइल. ट्रॅफिक सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी एक साधी मजकूर फाइल बाहेर काढतं आणि प्लेआउट ती उचलतं. तिच्या प्रत्येक ओळीत ब्रेकची वेळ, कार्ट नंबर (ऑडिओ फाइलचा क्रमांक), सेकंद आणि स्पॉटचं नाव, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. इंजिनियरकडून जुन्या सॉफ्टवेअरची एक फाइल मागून घ्या, नव्याची घ्या, दोन्ही छापा आणि पट्टी लावून ओळीने ताडा. एक रकाना एका अक्षराने सरकला तरी ३० सेकंदांचे ३ सेकंद होतात.

ती फाइल चुकूनसुद्धा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. कार्ट नंबर ००४२ असेल तर एक्सेल पुढची शून्यं गिळून ४२ करतं. प्लेआउटमध्ये ४२ नावाचं काही नसतं, आणि तो स्पॉट वाजत नाही. तारखाही एक्सेल आपल्या मनाने फिरवतं. ५ जुलैचा ७ मे होतो. उघडायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. स्पॉटची नावं रोमन लिपीत आणि लहान ठेवा. बऱ्याच जुन्या प्लेआउट मशीनवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, आणि रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही.

दिवस कधी सुरू होतो हेही विचारा. काही सॉफ्टवेअर रात्री १२ला दिवस बदलतात, काही सकाळी ६ला. दोघांचं एकमत नसेल तर मध्यरात्री ते सहा या वेळेतले स्पॉट एक दिवस मागे-पुढे होतात.

दोन आठवडे दोन्ही

जूनच्या मध्यापासून रोज दोन्ही सॉफ्टवेअरवर दुसऱ्या दिवसाचा लॉग करा. हवेवर जुनाच जाईल. नव्याचा छापून शेजारी ठेवा आणि तीनच गोष्टी बघा: एकूण स्पॉट तेवढेच आहेत का, एकूण सेकंद तेवढेच आहेत का, आणि कुणी सराफ दुसऱ्या सराफाला चिकटलाय का. कोणता स्पॉट कोणत्या ब्रेकमध्ये गेला हे दोन्हीकडे वेगळं असणारच, त्यात वेळ घालवू नका.

काम दुप्पट होतं आणि माणसं चिडतात. या काळासाठी एक जादा हात मागून घ्या, आणि तो मिळेपर्यंत तारीख पक्की करू नका. हे तुम्ही नवीन असलात तरी ठामपणे सांगायचं.

याच दिवसांत सुट्या मशीनवर नवी फाइल चढवून स्पॉट खरोखर वाजतात का ते कानाने ऐका. आणि उलटा प्रवासही करून बघा: प्लेआउटमधून परत येणारी वाजल्याची नोंद नवं सॉफ्टवेअर वाचतं का, न वाजलेला स्पॉट लाल दाखवतं का. लॉग बाहेर पाठवणं सगळे तपासतात, नोंद परत आणणं राहून जातं. बिल मात्र त्याच्यावर निघतं. मुद्दाम दोन स्पॉट वगळा आणि ते पकडले जातात का पहा.

अधिकार कुणाला काय, हे आत्ताच ठरवा. सेल्सला बुकिंग दिसावं, दर बदलता येऊ नये. लॉग बंद झाल्यावर नवीन स्पॉट घुसवण्याचा अधिकार एकालाच. लॉग पाच वाजता बंद म्हणजे पाच वाजता; साडेसहाला 'एवढा एकच लावा ना ताई' म्हणून येणारा आरओ पहिल्या महिन्यात तरी परवाचा धरायचा.

१ जुलै आणि पहिलं बिल

पहिल्या दिवशी सकाळी ७ ते ११ तुम्ही स्टुडिओत, लॉगची प्रत हातात. वाजेल तशी खूण करा. काही अडलं तर आदल्या संध्याकाळी जुन्या सॉफ्टवेअरमधून काढून ठेवलेला १ तारखेचा लॉग तयार असलाच पाहिजे, आणि तो कुणी चढवायचा हे ठरलेलं असलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात जुळणी रोजच्या रोज, दुपारी १२च्या आत.

बिल क्रमांकाची मालिका नवीन लागेल. आर्थिक वर्षात क्रमांक दुसऱ्यांदा येता कामा नये आणि तो १६ अक्षरांहून लांब चालत नाही, म्हणून जुन्या मालिकेपेक्षा वेगळं अक्षर पुढे जोडा आणि अकाउंट्सकडून लेखी होकार घ्या. जुनी येणी नव्या ट्रॅफिक सॉफ्टवेअरमध्ये आणू नका. ती टॅलीत आहेत, तिथेच राहू द्या. जुलैची बिलं पाठवण्याआधी हाताने भरलेल्या प्रत्येक आरओचं बिल मूळ कागदाशी ताडा. आपल्या साडीवाल्याचं ८३ स्पॉटांचं, २४,९०० रुपये अधिक जीएसटी असं निघालं पाहिजे.

जुनं सॉफ्टवेअर लगेच काढू नका. प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीन महिने सांभाळावं लागतं आणि त्या काळात क्लायंटची विचारणा आली तर जुना लॉग लागतो. जीएसटीची कागदपत्रं तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. परवाना संपण्याआधी सगळे लॉग, सर्टिफिकेट आणि बिलं पीडीएफमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत अकाउंट्सकडे. १ जुलैपासून जुन्यात नवीन नोंद करण्याचा अधिकार सगळ्यांचाच काढून घ्या, फक्त बघायचा ठेवा. आणि त्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख आजच विचारून घ्या, म्हणजे ऑक्टोबरमध्ये स्क्रीन अचानक बंद झाली असं व्हायचं नाही.